काडीचा मान

हापूस कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. ज्या झाडाला खारं वारं लागतं तिथे हापूस होतो. बाकीच्या जगात आंबा होतो, तोही देवाची कृपा असेल तर. माझ्या आजोबांना हे ठाऊक होतं, वडिलांना ठाऊक होतं, आमच्या गड्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक नाही ते फक्त शिकलेल्या लोकांना. पुण्याला गच्चीवर पिंपात हापूस लावलेले एक निवृत्त साहेब मला दरवर्षी जानेवारीत फोन करतात, "भास्करराव, यंदा मोहोर आला हो!" मोहोर यायला काय जातं? मी अभिनंदन करतो. त्यापुढचं ते काही कळवत नाहीत आणि मीही विचारत नाही, कारण मला माणुसकी आहे.

माझी बाग हर्णेच्या अलीकडे, समुद्राकडे उतरत गेलेल्या कातळावर. एकशे ऐंशी कलमं. सुरुंग लावून खड्डे केले ते आजोबांनी, माती डोक्यावरून आणून भरली ती वडिलांनी, आणि रुबाब केला तो मी. आंब्याच्या बाबतीत माझा शब्द पंचक्रोशीत चालतो. नुसता फळाचा देठ बघून तो बारा आणे तयार आहे की चौदा आणे, हे मी सांगतो. हे सांगताना समोरच्याला जरा कमी लेखायची मला सवय आहे, असं माझी बायको कुसुम म्हणते. सवय नाही, समोरची माणसंच तशी भेटतात.

धोंडू त्यातलाच एक, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

तो खेड तालुक्यातल्या निवेकोंडचा. निवेकोंड म्हणजे पार घाटमाथ्याच्या खालची चाळीस घरं. समुद्रापासून उंची दोन हजार तीनशे फूट. पावसाळ्याचे चार महिने ढगात राहायचं आणि थंडीत सकाळी दहापर्यंत धुक्यात बसायचं, याला तिथे जगणं म्हणतात. नाचणी, वरी, जेमतेम भात. कर्ती माणसं मुंबईला आणि म्हातारी माणसं चुलीपाशी. आंबा म्हणाल तर रायवळ. ही मोठी कोय, पाण्यासारखा रस आणि दातांत अडकलेले धागे काढण्यात दुपार जाते.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षांत धोंडू आमच्या बागेत कामाला आला आणि एकोणतीस वर्षं राहिला. कलम बांधावं तर त्याने. शंभर बांधली तर पंचाण्णव जगायची, आणि जी पाच मरायची ती मी मध्ये बोललो म्हणून मरायची. हे त्याच्या तोंडावर मी एकदाही म्हटलं नाही. गड्याला चांगलं म्हटलं की तो बिघडतो, हे शहाणपण मला वारशाने मिळालेलं होतं.

सात वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि तो गावी जायला निघाला. मी विचारलं, जाताना काय देऊ? माणसं अशा वेळी काय काय मागतात. धोंडूने मान खाली घालून काड्या मागितल्या. कलमाच्या काड्या, वीत-वीत लांबीच्या.

"बांधावर चौदा रायवळ हायेत, भाऊ. मुंडकी मारून ठेवलीत. फुटवे आलेत. तुमची काडी बसवीन म्हनतो."

मी हसलो. "धोंडू, तिथे थंडीत आंब्याला पडसं होईल. स्वेटर कोण विणणार?"

तोही हसला. मग विहिरीजवळच्या झाडाच्या काड्या त्याने स्वतः निवडल्या, ओल्या गोणपाटात आणि केळीच्या खोडाच्या सोपात गुंडाळल्या आणि तान्हं मूल न्यावं तशा एसटीतून मांडीवर घेऊन गेला.

आता काडी दिली म्हणजे एक मान आपल्याकडे येतो. ही आमच्या घराण्याची आणि आमच्या गड्यांची जुनी रीत. ज्याच्या झाडाची काडी, त्याने पहिलं फळ चाखायचं आणि नाव द्यायचं. त्याने हापूस म्हटलं तर हापूस. तोवर ते फळ विकायचं नाही, घरच्यांनी तोंड लावायचं नाही, देवापुढेही ठेवायचं नाही. हल्ली कोण पाळतं? नर्सरीतून पिशवीतलं रोप आणतात, त्याला लटकवलेली चिठ्ठी वाचतात आणि स्वतःच बारसं करतात. पण धोंडू पाळणार हे मला माहीत होतं. तो माझ्या वडिलांनी घालून दिलेला कोणताही मूर्खपणा सोडत नसे.

त्यानंतर दिवाळीला येऊन तो खबर द्यायचा आणि मी ती खबर चवीचवीने बागायतदारांच्या बैठकीत सांगायचो. कलमं जगली. चौथ्या वर्षी मोहोर आला, पण जानेवारी संपताना, म्हणजे आमच्याकडे कैरी अंड्याएवढी झालेली असताना. तो धुक्याने काळा पडला. पाचव्या वर्षी पुन्हा तेच. सहाव्या वर्षी हा गृहस्थ पहाटे उठून झाडांखाली ओला पाला पेटवून धूर करत बसला, धुकं मोहोरावर बसू नये म्हणून. दीड महिना. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी बैठकीत सांगितलं, "आमचा धोंडू मोहोराला शेक देतो, बाळंतिणीसारखा." लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो. त्या वर्षी काही फळं धरली होती, ती वाऱ्याने पडली.

आणि यंदा मे महिन्यात त्याच्या सुनेचा, दर्शनाचा फोन आला. फळ तयार आहे. पंचवीस तारखेला उतरवणार, आढीत घालणार. सहा जूनला भाऊंनी आणि वहिनींनी मान घ्यायला यायचं.

यंदा माझी मनःस्थिती काय होती तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये असा उन्हाळा झाला की कातळावर पाय ठेववेना. आणि माझ्या आंब्यात साका निघाला. साका म्हणजे बाहेरून आंबा पाहावा तर केशरी, घमघमणारा, आणि कापला की आत कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. वरून कळत नाही. दर वर्षी थोडाफार असतोच, यंदा मात्र चारातला एक. तीस-तीस वर्षांची गिऱ्हाइकं फोन करून अदबीने बोलायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या आंब्याला नाकं मुरडली, त्याच्या आंब्याची लोक कीव करत होते.

अशा अवस्थेत मी निवेकोंडला निघालो, आणि खरं सांगायचं तर मजा करायलाच निघालो. एवढ्या वाईट वर्षात कुणालातरी 'नाही' म्हणण्याचं सुख माझ्या वाट्याला येणार होतं.

खेड मागे पडलं आणि रस्ता चढायला लागला. मी प्रत्येक वळणाला काहीतरी बोलत होतो. ही काय माती, ही काय झाडं, इथली माणसं सूर्य बघायला कुठे जातात. कुसुम गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. पन्नास वर्षांच्या संसारात तिने माझं बोलणं पावसासारखं पडू द्यायला शिकून घेतलं आहे.

धोंडूची पडवी शेणाने ताजी सारवलेली होती. वाडीतली पंधरावीस माणसं येऊन बसली होती, त्यातली काही तर मुंबईहून रजा काढून आलेली. धोंडूने इस्त्री केलेला सदरा घातला होता. मधोमध पाट मांडला होता, माझ्यासाठी. बाजूला एका ताटात पाच आंबे हळदकुंकू लावायचे बाकी ठेवलेले.

"हे काय?" मी विचारलं.

"देवीचं," धोंडू म्हणाला. "कलमं जगली तवा बोललो हुतो. पयला हापूस तुला ठेवीन. तुमी नाव दिलंत का लगेच देवळात जातो."

दर्शना आतून सूप घेऊन आली. आढीतल्या गवतात ठेवलेले आंबे. "बारा दिस झाले भाऊ, कुनी हात लावला न्हाय. पोरांना वास येतो तर मामंजी त्यांना अंगनात पिटाळतात," ती म्हणाली.

मी आंबा हातात घेतला आणि मनातल्या मनात खूश झालो. आकार लहान. रंग हिरवट पिवळा, आमच्यासारखी केशरी लाली नाही. मी भुवया उंचावल्या. सगळ्यांना दिसतील अशा उंचावल्या. मग देठाशी नाक नेलं आणि भुवया तशाच राहिल्या.

खिशातला चाकू काढून मी तो कापला. आत शेंदरी गर, एकसारखा, कोयीपर्यंत स्वच्छ. मी कोयीभोवती शोधलं. साका नव्हता. दुसरा कापला. नव्हता. तिसरा, चौथा. लोकांना वाटलं भाऊ फार बारकाईने बघतायत. मी चोरासारखा शोधत होतो, सापडावा म्हणून.

मग मी खाल्ला.

वडील गेल्यापासून मी तसा आंबा खाल्ला नव्हता. गोडी होती, पण गोडीमागे ती बारीकशी आंबट धार होती, जी आमच्या बागेतून कधी नाहीशी झाली ते मला कळलंही नव्हतं. साल पातळ, धागा औषधाला नाही. तो हापूस होता. माझ्या हापसापेक्षा चांगला हापूस होता. आणि तो समुद्र कधी न पाहिलेल्या मातीत, जूनमध्ये, आमच्या बागा रिकाम्या झाल्यावर, माझ्या गड्याच्या बांधावर झाला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. काडी माझी होती, मान माझा होता. पण मला संताप आला. असा संताप की कानशिलं तापली. एकशे ऐंशी कलमं, तीन पिढ्या, खारं वारं, सगळं एका सुपात येऊन माझ्यापुढे पडलं होतं आणि पंधरावीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी कोय ताटलीत टाकली. रुमालाने एकेक बोट पुसलं.

"रायवळ," मी म्हटलं.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग मला गप्प बसवेना. "गोड आहे. पण गोड म्हणजे हापूस नव्हे, नाहीतर गुळालाही हापूस म्हणावं लागेल. काडी माझी खरी, पण खालच्या खोडाने तिला खाल्लं. ना कातळ, ना खारं वारं. थंडीत कुडकुडत हापूस होत नसतो, धोंडू. रायवळच हा. जरा बऱ्या घरचा, इतकंच."

एकदोघे हसले, मोठा माणूस बोलल्यावर हसतात तसे. दर्शनाने एक फोड कुसुमला दिली, एक स्वतः तोंडात टाकली आणि तिचे डोळे मोठे झाले. "मामंजी, लई ग्वाड हाय ओ. आन धागा पन नाय."

"ग्वाड असंल," धोंडू म्हणाला. "भाऊ काय म्हनले ते आयकलंस ना?"

तो माझ्याकडे बघत नव्हता, कापलेल्या आंब्याकडे बघत होता. त्याच्याकडून वाद होईल, निदान चेहरा पडेल, अशी माझी अपेक्षा होती. मी त्याची तयारीही ठेवली होती. त्याने एक फोड घेऊन हुंगली आणि म्हणाला, "मलाच वाटलं हुतं, भाऊ. साल जरा जाड लागते. वास पन येगळा. म्या मनाला समजावत बसलो हुतो." ज्या माणसाचं नाक अंधारात पायरी आणि हापूस वेगळे करायचं, तो माझ्या शब्दासाठी स्वतःच्या नाकाविरुद्ध साक्ष देत होता. मग त्याने देवीचं ताट उचलून आत नेलं. "देवीला हापूस बोललेला हाय," तो सुनेला हळूच म्हणाला. "तिला रायवळ कसा ठेवू?"

आम्हाला चहा दिला, कुसुमच्या ओटीत नारळ घातला, आणि राहिलेले आंबे पाटीत भरून गाडीत ठेवले. मी नको म्हणालो. "ऱ्हाऊ द्या, रसाला तरी व्हतील," तो म्हणाला.

परत येताना खेडजवळ जगबुडी नदीचा पूल लागला. पुलावर कुसुम म्हणाली, "तुमच्या वडिलांच्या वेळचा आंबा होता तो."

"होता."

"मग?"

"मग काय?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला? त्याने सात वर्षं त्या झाडांचं केलं. तुम्ही एका शब्दात पुसलंत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच तुमचं आंब्यातलं ज्ञान."

मी गाडी हाकत राहिलो. ती म्हणाली, उद्या फोन करून सांगा. मी म्हटलं, सांगू, दिवाळीला येईल तेव्हा समक्ष सांगू, फोनवर बरं दिसत नाही. मग तिनेच दर्शनाला दोनदा फोन लावला. पाऊस सुरू झाला की तिकडचा टॉवर महिना-महिना मुका असतो. मला त्या टॉवरचा फार आधार वाटला. पाटीतले आंबे मी रोज एक खाल्ला, जेवण झाल्यावर, कुसुम मागच्या दारी असताना.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी धोंडू आला. डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, काखेत गोणपाट. मी ओटीवरच होतो. कुसुम त्याला बघताच चहा टाकायला गेली आणि जाताना माझ्याकडे असं बघून गेली की मी उठून उभा राहिलो.

तो पायरीवर टेकला. आज त्याचा चेहरा बरा दिसत होता, काम आटोपलेल्या माणसासारखा.

"भाऊ, झालं एकदाचं. चौदाच्या चौदा छाटली."

"काय छाटली?"

"झाडं. तुमी गेलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिशी. रायवळावर रायवळ कशापायी ठेवायचा? मृग लागला हुता. म्हटलं येळ घालवला तर वरीस जाईल. करवत घेऊन मीच चढलो, कलमाच्या सांध्याखाली मुंडकी मारली. आता फुटवे आलेत बगा, हे असे." त्याने करंगळी पुढे केली. "काडीला अगदी बरोबर आलेत. म्हनून आलो. खऱ्या हापसाची काडी द्या."

कुसुम चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने तो तिथेच उंबऱ्यावर ठेवला.

"धोंडू," मी म्हटलं, "तो हापूस होता."

तो समजुतीने हसला. "असू द्या, भाऊ."

"अरे असू द्या काय? ऐक. मी खोटं बोललो. यंदा माझ्या आंब्यात साका निघाला, चारातला एक. तुझ्यात एकही नाही. माझ्याच्याने बघवलं नाही, म्हणून रायवळ म्हटलं. तो हापूस होता. माझ्याहून चांगला होता." एवढं सरळ वाक्य मी सत्तर वर्षांत कुणाशी बोललो नव्हतो.

धोंडूने कुसुमकडे पाहिलं, भाऊंची तब्येत बरी आहे ना, असं विचारावं तसं. "वयनी, मला वाईट वाटू नये म्हनून बोलतायत बगा."

"नाही धोंडू, खरं सांगतायत," कुसुम म्हणाली. "मीही खाल्लाय ना तो आंबा."

"तुमी तर माझं चांगलंच म्हननार, वयनी." मग तो माझ्याकडे वळला आणि लहान मुलाची समजूत घालावी अशा आवाजात म्हणाला, "एकोनतीस वरसं बघितलंय मी तुमास्नी. रागात काय पन बोलाल. मला बोललात, वयनीस्नी बोललात, देवाला पन बोललात. पन आंब्याच्या बाबतीत तुमच्या तोंडून खोटं निघालं न्हाय. सगळ्यांम्होरं जे सांगितलंत तेच खरं. आता दया नका करू."

मला वाटलं शपथ घ्यावी, पण शपथेवर बोलणाऱ्या माणसांना मी आजवर काय समजत आलो ते धोंडूला पाठ होतं. चौदा झाडं त्याने माझ्या एका शब्दावर कापली होती, आणि ती कापली म्हणूनच आता माझा दुसरा शब्द त्याला घेता येत नव्हता. तो हापूस होता हे मान्य करायचं म्हणजे स्वतःच्या हातांनी त्याने काय केलं, तेही मान्य करायचं. मी असतो तर मीही मानलं नसतं.

"मागल्या येळी काडी निवडताना माझीच चूक झाली असंल," तो म्हणाला. "या येळी तुमी निवडा."

मी बागेत गेलो. पाऊस थांबला होता. कात्री घेऊन मी काड्या कापत गेलो आणि तो खालून घेत गेला, प्रत्येक काडीचा डोळा अंगठ्याने चाचपून. चार काड्या त्याने हळूच बाजूला टाकल्या. त्या खरोखरच वाईट होत्या, आणि त्या मी निवडल्या होत्या. त्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सगळ्या गोणपाटात गुंडाळून झाल्यावर तो उभा राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून, दोन टप्प्यांत.

"चार वरसं लागतील फळाला," तो म्हणाला. "धुक्यात गेलं एखादं, तर पाच-सा. तवर जपून ऱ्हावा, भाऊ. गोडधोड कमी करा. नाव तुमीच द्यायचंय."

मी हो म्हटलं. मी सत्तर वर्षांचा आहे. धोंडू माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे.